गाणी लिहिण्याचं एक वर्ष : पाडवा ते पाडवा

पासोडी
19 मार्च, रात्री 9.40

मंडळी, मागच्या पाडव्याला इथंच जाहीर केलं होतं की छापखान्यातलं काम सोडते आणि वर्षभर फक्त गाणी लिहिते. निम्म्यांनी शुभेच्छा दिल्या, निम्म्यांनी "नवरा कमावता आहे ना?" असं विचारलं. कामाचा प्रश्न तोच होता. नवरा एसटीत वाहक आहे, म्हणून वर्षभर चूल पेटली. हे आधीच सांगून टाकते, पुढचे आकडे वाचताना ध्यानात असू द्या.

नव्या लोकांसाठी: मी अंबाजोगाईची. सोळा वर्षं लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं आणि जाहीर नोटिसा यांचं डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, केली. पत्रिकेवर तेच ते "यायचं हं" टाकण्यापेक्षा गिऱ्हाइकाला चार ताज्या ओळी करून द्यायचे, फुकट. त्या ओळींपायी लोक लांबून आमच्या दुकानी यायचे. मालकाला ते कळायचं, माझ्या पगाराला कळायचं नाही. 'पासोडी' हे नाव दासोपंतांवरून घेतलं. त्यांनी सुमारे चाळीस फुटी कापडावर ग्रंथ लिहिला, ती पासोडी आमच्या गावात आहे. मी चुकलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. आमच्यातलं साम्य इथंच संपतं.

आता हिशोब. एकूण 41 गाणी लिहिली. त्यातली 36 कुणाच्या तरी सांगण्यावरून, 5 माझी. हळदीची आणि लग्नाची 11, प्रत्येकी हजार. भाऊ-दादांच्या वाढदिवसाची 6, प्रत्येकी दोन हजार. शाळांच्या गॅदरिंगची स्वागतगीतं 4, प्रत्येकी पाचशे आणि शाल. (चार शाली झाल्या. आमच्या उकाड्यात चार शाली.) बियाण्याच्या दुकानाची आणि एका कापड दुकानाची जाहिरात, मिळून पाच हजार. नगरपालिकेच्या निवडणुकीची 9, प्रत्येकी दीड हजार ठरले, पण साडेदहाच हजार हाती आले. मतदान 2 डिसेंबरला झालं, मोजणी 21 तारखेपर्यंत लांबली, आणि माझी बाकीही तिच्याबरोबर लांबली. मोजणीनंतर दोघं पडले. पडलेला माणूस फोन उचलत नाही.

देवीच्या गाण्यांचा वेगळा किस्सा आहे. नवरात्रासाठी चार गाणी, बारा हजार ठरले, पाच हजार आगाऊ मिळाले. सप्टेंबरात मांजरा, सिंदफणा फुगल्या, शिवारंच्या शिवारं पाण्याखाली गेली, सोयाबीन जागेवर कुजलं. निर्माता म्हणाला, "ताई, या पुरात कोण गाणं ऐकतंय?" खरंच होतं. मी गप्प बसले. मार्गशीर्षात योगेश्वरीची जत्रा भरली तेव्हा तीच चारही गाणी त्यानं वाजवली. मी प्रसादाच्या रांगेत उभी राहून ऐकली. बाकीचे सात हजार अजून यायचे आहेत. भोंग्याखाली बोर्ड होता, त्यावर गायकाचं नाव, निर्मात्याचं नाव आणि मंडप डेकोरेशनवाल्याचं नाव होतं.

हाती आलेले एकूण 45,500. त्यात ऑनलाइन वाजल्याचे 417 रुपये मिळवा. खर्च: माझी दोन गाणी स्वतःच्या पैशानं रेकॉर्ड केली, 22,000. लातूर, संभाजीनगर आणि एकदा पुणे, जाणं-येणं-खाणं, 9,400. माईक आणि हेडफोन, 6,300. उरले 8,217. छापखान्यात मला महिन्याला अकरा हजार मिळायचे.

पैशाचं एवढंच. खरं सांगायचं ते दुसरं आहे.

मला वाटायचं मी गाणी लिहिते. ऑगस्टपर्यंत मी कविता लिहीत होते आणि लोक त्या ओढूनताणून गात होते. लातूरला एका स्टुडिओत, म्हणजे घराच्या वरच्या खोलीत, भिंतींना फोम आणि दाराला गोधडी, माझं पहिलं स्वतःचं गाणं गायलं जात होतं. चाल आधी आली होती. चाल बांधणाऱ्यानं व्हॉट्सॲपवर डमी बोल टाकून पाठवलेली, "ला ला" आणि मधेच "चहा पी रे चहा पी". मी मात्रा बोटांवर मोजून शब्द बसवले होते. मुखड्याची ओळ होती:

तुझ्या उन्हाच्या दिठी, माझी वाट विसरली

'दिठी' या शब्दावर मी खूश होते. ज्ञानेश्वरीतला शब्द, छोटा, गोड. पण चालीत 'ठी' नेमका वरच्या षड्जावर येत होता आणि तिथं चार मात्रा थांबायचं होतं. गाणारी मुलगी एकोणीस वर्षांची, नर्सिंगला शिकणारी. तिनं सहा वेळा म्हटलं. सहाही वेळा वर जाऊन आवाज सुईसारखा बारीक झाला. मी काचेच्या अलीकडून सांगतेय, "मोकळा सोड, मोकळा सोड." शेवटी ती हेडफोन काढून म्हणाली, "ताई, तोंड मिटवायला लावता आणि मोकळं गा म्हणता. तुम्हीच म्हणून बघा."

मी म्हणून बघितलं. बाहेर गॅलरीत जाऊन, कपडे वाळत घातले होते त्यांच्यात तोंड लपवून. 'ई' म्हणताना ओठ ताणले जातात, जीभ वर जाते, आवाजाला बाहेर पडायला फट उरते. 'आ'ला सगळं दार उघडं. सोळा वर्षं मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारत आले आणि तोंडात काय होतं हे एकदाही पाहिलं नव्हतं. पायरीवर बसून बदललं:

तुझ्या नजरंच्या उन्हात, माझी वाट हरवली

आता थांबायचं 'न्हा'वर. पोरीनं पहिल्या टेकमध्ये घेतलं. 'दिठी' गेली याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. पण तेव्हापासून मी ओळ आधी म्हणते, मग लिहिते. स्वयंपाक करताना तर म्हणतेच, एसटीत पण म्हणते. शेजारच्या बाईला वाटतं मी जप करायलेय. आजी जात्यावर ओव्या म्हणायची, तिला अक्षर ओळखत नव्हतं. तिच्या एकाही ओवीत जीभ अडकत नाही. हे मला पस्तिशीत, बावीस हजार घालवून कळलं.

निवडणुकीनं दुसरं शिकवलं. अपक्षाला चिन्ह उशिरा मिळतं, गाणं मात्र आधी पाहिजे असतं. मग ओळीत जागा सोडायची. मी चार मात्रांची जागा सोडली होती: 'नारळ' बसेल, 'छत्री' बसेल. भाऊंना मिळालं गॅस सिलिंडर. आठ मात्रा. रात्री अकराला अख्खा अंतरा मोडून परत बांधला.

येत्या सोमवारपासून परत छापखान्यात जाते. अर्धा दिवस, सहा हजार. दुपारनंतर गाणी. बंद करत नाही. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा, 'आ'कारात.


खमंग_धपाटे
19 मार्च, रात्री 10.15

पहिला नंबर माझा. हिशोब तपासला, बरोबर आला. 8,217 भागिले बारा, महिन्याला 684 रुपये 75 पैसे. ताई, आमच्याकडं रोजगार हमीवर याहून जास्त सुटतात, वर सावलीला लिंबाचं झाड.

थट्टा सोडा. पण ते 22,000 खर्चात कामून धरले? ती तर तुमची फी समजा. अकरावी-बारावीला लातूरला पोरगं ठेवलं तर बावीस हजारात मेसचं पण भागत नाही.

आणि 'भाऊंच्या वाढदिवसाचं गाणं' एखादं इथं टाका की. आम्हाला पण नाचू द्या.


पासोडी
19 मार्च, रात्री 10.32

वाढदिवसाचं टाकता येत नाही. सहापैकी चार गाजलेल्या सिनेमातल्या चालीवर आहेत, 'तीच चाल पाहिजे' असा हट्ट. एका भाऊंच्या कार्यकर्त्यांनी व्हिडिओ यूट्यूबवर चढवला, दुसऱ्या दिवशी कंपनीचा दावा लागून आवाज बंद. भाऊ मुक्याने हात हलवतायत, मागं फटाके मुक्याने उडतायत. मला फोन आला की "तुमच्या शब्दांत काहीतरी प्रॉब्लेम आहे."


केहरवा
20 मार्च, सकाळी 6.50

परभणीहून लिहितोय, तबला वाजवतो, भजनी मंडळापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळं केलंय.

ई-आ बद्दल सांगितलंत ते बरोबर, पण त्याचा कायदा करू नका. ईकारावर सुंदर थांबणारे गायक आहेत, तालमीनं ते जमतं. एकोणीस वर्षांच्या पोरीला वरच्या सा वर नाही जमलं, त्यात पट्टीचा, म्हणजे गाणं किती वरच्या सुरात धरलंय याचाही दोष असेल. काळी चार वरून काळी दोनला आणलं असतं तर कदाचित तुमची 'दिठी' वाचली असती. स्टुडिओवाल्यानं ट्रॅक आधीच बनवून ठेवला असणार, म्हणून कुणी पट्टी बदला म्हटलं नाही. बघा आठवून.

दुसरं. तुम्ही मात्रा बोटांवर मोजता, पण ठेक्याला मात्रा सारख्या नसतात. केहरव्यात आठ मात्रा आहेत, त्यातली पहिली सम आणि पाचवी खाली. 'धा गे ना ती | न क धी ना'. समेवर वजन पडतं. तिथं 'च', 'की', 'तर' असला हलका शब्द आला की ओळ लंगडते, मात्रा कागदावर बरोबर असल्या तरी. तुमच्या नव्या ओळीत 'नजर' समेवर आणि 'वाट' समेवर. दोन्ही भक्कम शब्द. म्हणून ती बसली. जुन्या ओळीत पण 'वाट' समेवरच होती, म्हणजे दुखणं खरंच त्या 'ठी'चंच.

दादरा, सहा मात्रा, याच्यावर लिहून बघितलंय का? झोका येतो. आपल्याकडच्या बायकांच्या गाण्यांना तो सोसतो. लग्गी, म्हणजे जलद बोल, वाजवायला मला पण मजा येते, हा माझा स्वार्थ.


पासोडी
20 मार्च, सकाळी 9.05

केहरवादादा, आत्ता स्टुडिओवाल्याला फोन करून विचारलं. ट्रॅक आधीच बनलेला होता. "पट्टी बदलायचे दीड हजार पडले असते, तुम्ही काही बोलला नाहीत" म्हणाला. मला माहीतच नव्हतं की बोलता येतं. म्हणजे माझी 'दिठी' दीड हजारासाठी गेली.

दादऱ्यावर दोन हळदीची आहेत, अगदी सुरुवातीची, मे महिन्यातली. तेव्हा मला तो दादरा आहे हेही कळलं नव्हतं.


कोर्टकचेरी
20 मार्च, दुपारी 1.20

वकिलाकडं काम करतो, वकील नाही. तरी हा विषय रोज टेबलावर असतो म्हणून लिहितो.

ताई, देवीच्या गाण्यांचा कागद झाला होता का? झाला असेल तर त्यात काय लिहिलंय ते बघा. कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यात कलम 19 म्हणतं की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सही करून द्यावे लागतात, तोंडी नाही. किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत. आणि घेणाऱ्यानं एका वर्षात त्या हक्काचा वापरच केला नाही, तर तो हक्क गळून पडतो, कागदात उलट काही लिहिलेलं नसेल तर.

2012 साली मोठी दुरुस्ती झाली, ती गीतकार-संगीतकारांच्याच बाजूची. तुम्ही हक्क विकले तरी गाणं पुढं वाजून जी रॉयल्टी येते तिच्यातला बरोबरीचा वाटा तुम्हाला सोडताच येत नाही. तुम्ही खुशीनं सही केली तरी ती सोडचिठ्ठी चालत नाही. तो वाटा फक्त वारसांना देता येतो किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला. सिनेमातल्या गाण्याला थिएटरातल्या खेळांपुरता अपवाद आहे. सिनेमाबाहेरच्या गाण्यालाही हा नियम लागू आहे, हे लोकांना माहीत नसतं.

वसुलीचं काम आयपीआरएस करते. 1969 पासूनची संस्था, 2012 च्या कायद्यानंतर 2017 ला पुन्हा नोंदणी झाली. गीतकाराला स्वतः सदस्य होता येतं. तुमची 41 च्या 41 गाणी तिथं नोंदवायच्या लायकीची नसतील, चालीवरची तर नाहीच, पण जी प्रसिद्ध झालीत ती नोंदवा.

आणि बोर्डावर नाव नव्हतं ना? कलम 57. हक्क विकले तरी 'हे मी लिहिलं' म्हणण्याचा अधिकार लेखकाकडंच राहतो. मंडपवाल्याचं नाव खोडा असं मात्र कायदा म्हणत नाही.


खमंग_धपाटे
20 मार्च, दुपारी 1.41

म्हणजे प्रत्येक हळदीला ताईंना पैसे! बीड जिल्ह्यातल्या हळदी मोजायला मी बसतो. दहा टक्के माझे.


कोर्टकचेरी
20 मार्च, दुपारी 2.10

बसू नका. कलम 52 मध्ये अपवाद आहेत, त्यात धार्मिक विधी येतात, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले बाकी समारंभ त्यात धरलेत. तिथं गाणं वाजलं तर उल्लंघन होत नाही. हळदीचं गाणं हळदीत वाजलं तर पैसा नाही.


पासोडी
20 मार्च, सायंकाळी 7.30

वाचून हसावं का रडावं कळेना. माझं सगळ्यात जास्त वाजलेलं गाणं हळदीचं आहे.

कागद आत्ता काढून बघितला. अर्धं पान, शंभराच्या स्टँपवर, भाषा अशी: "सदर गीतांचे सर्व हक्क कायमस्वरूपी व जगभरासाठी लिहून देणार यांनी राजीखुशीने दिले असून त्याबाबत लिहून देणार यांची कसलीही तक्रार असणार नाही." टाईप मीच केलाय. निर्मात्यानं मजकूर फोनवर पाठवला आणि मी सवयीनं त्यातलं शुद्धलेखन सुधारून प्रिंट काढून सही केली. 'राजीखुशी' त्याला ऱ्हस्व लिहायची होती, मी दीर्घ केली.

ऑनलाइनचे 417 कसे आले असं एकानं व्यक्तिगत निरोपात विचारलं. डिस्ट्रीब्यूटरमार्फत दोन गाणी सगळ्या ॲपवर टाकली. स्पॉटिफायवर 2024 पासून नियम आहे, मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजल्याशिवाय त्या गाण्याचे पैसे सुरूच होत नाहीत. एक गाणं हजाराच्या पुढं गेलं, दुसरं सहाशेवर बसून आहे. यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघणं लागतं. माझ्याकडं 612 आहेत, त्यातले साठ-सत्तर एसटी डेपोचे.


बांधावर
21 मार्च, सकाळी 8.00

कडू बोलतो, राग मानू नका.

तुमचे 36 विरुद्ध 5 हेच माझ्या लेखी उत्तर आहे. वर्षभर तुम्ही गाणी लिहिली नाहीत, गिऱ्हाईक केलं. पत्रिकेच्या जागी भाऊ आले, एवढाच फरक. ना. धों. महानोर आपल्याच भागातले, अजिंठ्याच्या पायथ्याचं पळसखेड. शेती केली, रानात राहिले, आणि 1977 साली 'जैत रे जैत' आला तेव्हा त्या गाण्यांत रान तसंच्या तसं उतरलं. मुंबईच्या सिनेमाची गाणी लिहायला त्यांना मुंबईकर व्हावं लागलं नाही, आणि भाऊंच्या दारातही जावं लागलं नाही. पोट शेतावर, शब्द स्वतःचे. तुम्ही पोट आणि शब्द एकाच खुंटीला टांगले. आता छापखान्यात परत चाललात ते उत्तम. पण मग वाढदिवस बंद करा.


माय_लेकी
21 मार्च, सकाळी 10.25

बांधावर, शेत ज्याच्याकडं आहे त्यानं शेतावर पोट ठेवावं. ज्याच्याकडं नाही त्यानं काय करावं? वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव फिरले, जिथं गेले तिथं गाणी लिहून गायकांच्या हातात देत गेले. ती लोकांना त्या दिवशी, त्या सभेत पाहिजे होती म्हणून लिहिली. म्हणून ती उष्टी झाली का? आमच्या वस्तीत 14 एप्रिलच्या आधी महिनाभर पोरं वह्या घेऊन बसतात. कुणीतरी मागतं म्हणूनच लिहितात. मागणीवर लिहिलेलं खोटं असतं हे कुठल्या शाळेत शिकवतात?

हां, भाऊंचा वाढदिवस आणि भीमजयंती एका तागडीत घालत नाही मी. पण ताईंनी त्या सिलिंडरच्या रात्री जे शिकलं ते बांधावर बसून कळलं नसतं.


बांधावर
21 मार्च, सकाळी 11.10

तागडी तुम्हीच उचलली, तुम्हीच ठेवली. वामनदादांबद्दल माझा शब्दही वाकडा नाही. माझा मुद्दा एवढाच की ज्या ओळीवर बाईंचा जीव अडकला, 'दिठी', ती त्या पाचांतली आहे. छत्तीसमधली एकही ओळ त्यांनी इथं लिहिली नाही. का नाही लिहिली?


पासोडी
21 मार्च, रात्री 9.15

दिवसभर याच प्रश्नावर होते. पत्रिका लावता लावता. (सोमवारची वाट न बघता आजच गेले, लगीनसराईचा ढीग पडलाय.)

का नाही लिहिली? लाज वाटते म्हणून. त्या ओळी वीस-वीस मिनिटांत लिहिल्या, पैसे मोजून घेतले आणि विसरले. बांधावर म्हणतात त्यात तेवढं तथ्य आहे. पण माय_लेकी म्हणतात तेही खरं, कारण पाच गाणी ज्या हातानं लिहिली तो हात छत्तीसांनी वळवलाय. माझ्या स्वतःच्या पाचातलं पहिलं गाणं, एप्रिलमधलं, आता उघडून बघितलं. त्यात 'अस्तित्वाच्या क्षितिजावर' असं लिहिलंय. ते कुणाच्या तोंडात मावणार? समेवर 'स्ति'!

वाढदिवसाची बंद करते का? 1 मे रोजी एक ठरलंय, आगाऊ घेतलेत. ते करून बघू.


नांदेडी_पुण्यात
22 मार्च, दुपारी 12.00

पुण्याला या. तिथं बसून काही होणार नाही. इथं चाल बांधणारे, गाणारे, सिरियलवाले सगळे एका चहाच्या अंतरावर आहेत.


पासोडी
22 मार्च, दुपारी 3.20

आले होते, जुलैत. रात्रीच्या गाडीनं येऊन सकाळी एका ऑफिसच्या पायरीवर बसले. ज्यांनी बोलावलं ते सायंकाळी पाचला भेटले, चांगले बोलले, म्हणाले "मातीतलं लिहा ना काहीतरी, तुमच्या बोलीत." लिहून पाठवलं. उत्तर आलं, "फार बोलीत झालं." रागावले नाही. पण पोरगं आठवीत आहे, सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा इथल्या मेडिकल कॉलेजला असतं. एका चहाचं अंतर मला तीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं.


मानवतकर
22 मार्च, रात्री 10.50

मी इथं वाचायलाच येतो, लिहीत नाही. पण एक सांगायचं होतं. पासोडीताई, हळदीचं ते 'पिवळ्या उन्हात न्हाली लेक' तुमचं आहे का? फेब्रुवारीत आमच्या घरच्या लग्नात बायका म्हणत होत्या. डीजे लावला नव्हता तेव्हा, लाईट गेली होती. नुसतं टाळ्यांवर. मला वाटलं जुनंच गाणं आहे.


पासोडी
22 मार्च, रात्री 10.58

माझंच! दादऱ्यावरचं, मे मधलं. केजच्या एका लग्नासाठी लिहिलं होतं, ते मानवतला कसं पोचलं?? पूर्ण म्हणत होत्या का? पुढच्या ओळी अशा आहेत:

पिवळ्या उन्हात न्हाली लेक, अंगण झालं सोनेरी
मांडवदारी वाजंत्री, हसते गालात नवरी


मानवतकर
22 मार्च, रात्री 11.20

आमच्या बायकांचं वेगळं होतं. शेवट असा नव्हता. नवरी-बिवरी काही नव्हतं. उद्या आईला विचारून सांगतो, ती झोपली.


केहरवा
23 मार्च, सकाळी 6.40

लवकर विचारा हो. मी डग्गा काढून बसलोय.


मानवतकर
23 मार्च, सकाळी 9.10

आईला म्हणायला लावून ऐकलं. ती म्हणते केजकडून आलेल्या एका जाऊबाईनं शिकवलं, पण शेवट तिला "तोंडात बसंना गेला", म्हणून मग सगळ्यांनी मिळून असं करून टाकलं:

पिवळ्या उन्हात न्हाली लेक, अंगण झालं पाहुणं
मांडवदारी वाजंत्री, जातं पडलं सुनं

शेवटचं 'सुनं' लांबवतात, 'सुनं गं सुनं' असं. इथं पोरगी पण डोळे पुसत होती, म्हणून मला लक्षात राहिलं.


केहरवा
23 मार्च, सकाळी 9.25

'जातं' समेवर. 'हसते गालात नवरी'पेक्षा अक्षरं कमी झाली, पण मात्रा रिकाम्या नाही राहिल्या, त्या 'सुनं गं सुनं'नं भरल्या. आईसाहेबांना माझा नमस्कार सांगा.


पासोडी
23 मार्च, दुपारी 2.45

दुकानातून लिहितेय. मालक म्हणाले, काय झालं, तब्येत बरी आहे ना.

सोनेरी आणि नवरी. दोन्ही ओळी मी 'री'वर सोडल्या होत्या. दोन्ही ई. आणि त्यांच्यात एकही बाई माईकसमोर उभी नव्हती, कुणी पट्टीचे पैसे मागत नव्हतं.

आणि 'अंगण झालं पाहुणं'. मला वीस मिनिटांत सोनं दिसलं होतं, अंगणाला.

मानवतकर, गाणं माझ्याकडं ज्या फाईलमध्ये आहे तिथं शेवट आता मी बदलून घेतलाय. कोर्टकचेरी, दोन ओळी पाच-सहा जणींनी मिळून केल्या असतील तर नोंदवताना नावं कशी टाकतात? आईंना विचारा, त्या जाऊबाईंचं आणि त्यांचं नाव टाकलं तर चालेल का.


मानवतकर
23 मार्च, सायंकाळी 6.30

विचारलं. म्हणाली, "गाण्याला कुठं नाव असतं का? तिला म्हणावं, जेवायला ये."